तुळशीवृंदावनातलं टर्मिनल

"या चौदा डबड्यांचं करायचं काय, तेवढंच सांगा," आमचे व्यवस्थापक निंबाळकरसाहेब म्हणाले आणि समोरचा ताकाचा पेला त्यांनी एका दमात रिकामा केला.

आमच्या दूध संघात बैठकीला चहा नसायचा, ताक असायचं. त्यामुळे बैठका थंडपणे चालायच्या आणि निर्णय आंबायला भरपूर वेळ मिळायचा.

डबडी म्हणजे संगणकाची जुनी टर्मिनलं. काळी काच, हिरवी अक्षरं, समोर टाइपरायटरसारख्या कळा. टीव्हीसारखी दिसायची, पण त्यात बातम्याही लागायच्या नाहीत. सभासदांची दुधाची बिलं मराठीत निघावीत म्हणून मुद्दाम मराठी अक्षरांची मागवली होती. आली तेव्हा त्यांना हार घातले होते, प्रत्येकापुढे नारळ फोडला होता, आणि अध्यक्षांनी भाषणात एकविसाव्या शतकाला गावाच्या वेशीपर्यंत आणून उभं केलं होतं. आता रंगीत पडद्यांचे संगणक आले होते, आणि ही चौदा जणं पनीरच्या गोदामात एकमेकांकडे पाठ करून बसली होती. भंगारात काढायची तर संचालक मंडळाचा ठराव लागतो, आणि पनीरला जागा तर आजच हवी होती.

"आतलं मटेरियल काढून टाकू साहेब, आन् मासं पाळू," डिस्पॅचचे साळोखे म्हणाले. "माझ्या मेव्हण्यानं टीव्हीत पाळलेत."

"टिकले का?"

"मासं गेलं. टीव्ही हाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी लेखा विभागाचा, म्हणजे माझ्याकडून अक्कल अपेक्षित असायची. मी म्हणालो, "संचालकांना एकेक द्यावं. बैठकीत बघायला काहीतरी होईल."

कुणी हसलं नाही. माझ्या विनोदांचं ते नेहमीचंच होतं. लोक घरी जाऊन हसत असावेत.

मग कोपऱ्यातून शीतल मगदूम बोलला. शीतल हे आमच्या सांगलीकडे जैन पुरुषाचं नाव असतं, हे पुण्याच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. संगणक विभागाचा प्रमुख, तिशीचा, सदऱ्याला कडक इस्त्री. आवाज इतका हळू, की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागायचं. आणि पुढे वाकलेल्या माणसाला आपोआप वाटतं, की आपल्याला काहीतरी मोलाचं सांगितलं जातंय.

"आपल्या स्पर्धेच्या नाटकात वापरता येतील, साहेब."

सगळे पुढे वाकले. मीसुद्धा.

"प्रॉम्प्टिंगला. पुढच्या कडेला, प्रेक्षकांकडे पाठ करून ठेवायची. कुठे ट्रंकेत, कुठे तुळशीवृंदावनात. पात्रांची वाक्यं समोर उमटतील. मी विंगेत बसून पानं पुढे सरकवीन. सगळी एकाच संगणकाला जोडता येतात."

निंबाळकरसाहेबांच्या तोंडाला ताकाची मिशी होती. ती आनंदानं रुंदावली. "वा! म्हणजे साळोखे, यंदा तरी तुम्ही नाटकातलीच वाक्यं बोलणार."

"मंग कुरणे आण्णांनी काय करायचं?" साळोख्यांनी विचारलं. विचारणारे तेवढे एकटेच, म्हणून मी त्यांना बरंच माफ केलं आहे.

"कुरण्यांना आता आराम," साहेब म्हणाले. "किती वर्षं कोंबड्यासारखे विंगेत उभे आहेत ते! यंदा पुढे बसा कुरणे, माझ्या शेजारी. सन्मानानं."

मी हसलो. हसण्यावाचून त्या वेळी कुठलाच चेहरा माझ्यापाशी तयार नव्हता.

तर कुरणे म्हणजे मी, आणि मी प्रॉम्प्टर होतो. दर वर्षी कामगार नाट्यस्पर्धेत आमच्या संघाचं नाटक असायचं, आणि दुसऱ्या विंगेत, बनियनवर, हातात वही घेऊन मी उभा असायचो. प्रॉम्प्टिंग ही काय कला आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. आवाज पात्राच्या कानात जायला हवा आणि पहिल्या रांगेच्या कानात जाता कामा नये. साळोखे आमचे कायमचे नायक, आणि त्यांनी आयुष्यात एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं. त्यांना मी वाक्यं घास भरवल्यासारखी भरवायचो. काही ते चावून टाकायचे, काही गिळायचे, काही सांडायची.

आमची नायिका मात्र वेगळी. ती संघाच्या प्रयोगशाळेत होती, दुधातल्या फॅटचं प्रमाण काढायची. नुसत्या नजरेनं दुधातलं पाणी ओळखायची, बोलण्यातलंही. नाव शालन. आणि ती माझी बायको होती.

तिची नजर जिल्ह्यात गाजलेली. एकदा एका परीक्षकांनी लिहिलं होतं, "नायिकेची शून्यात हरवलेली नजर काळजाचा ठाव घेते." ते शून्य म्हणजे मी. दर वाक्याआधी ती किंचित वळायची, माझ्याकडे बघायची, मी पुटपुटायचो, आणि तेच शब्द तिच्या तोंडून असे यायचे, की नाट्यगृहात खोकलेलं माणूस लाजायचं. घरी आमचं बोलणं म्हणजे "सिलेंडर संपला" आणि "हं". पण तालमीचे दोन महिने आणि प्रयोगाचे दोन तास माझी बायको माझा शब्द न् शब्द कान देऊन ऐकायची आणि वर तो पुन्हा म्हणून दाखवायची. असं सुख कुठल्या नवऱ्याला आहे?

साळोख्यांचा मला कधी मत्सर वाटला नाही. ते भर रंगमंचावर तिचा हात हातात घेऊन म्हणायचे, "तुझ्यावाचून मी कसा जगलो, ते माझं मला ठाऊक." पण ते आधी मी म्हणालेलो असायचो. साळोखे म्हणजे नुसता कर्णा.

आणि आता ती टर्मिनलकडे बघणार होती.

त्या वर्षीचं नाटक कौटुंबिक होतं. नाव सांगत नाही, लेखक अजून हयात आहेत आणि मनाला लावून घेतात. बारा वर्षं परागंदा झालेला नवरा घरी परत येतो, एवढीच गोष्ट. ती तीन अंक पुरायची. संघाच्या कॅन्टीनमध्ये तालमी सुरू झाल्या. मगदुमानं सुतार लावून खोकी करून घेतली, आणि टर्मिनलं संसाराला लागली. एक ट्रंकेत. एक पाळण्यात. एक धान्याच्या कणगीत. एक उलट्या घमेल्याखाली, ते साळोख्यांच्या बसून बोलायच्या वाक्यांसाठी. आणि सगळ्यांत मोठ्या काचेचं, तुळशीवृंदावनात. नायिकेची मुख्य भाषणं तुळशीपुढे होती.

चार दिवसांत साळोखे बदलले. सरळ वाक्यं बोलायला लागले. मध्येच "पूर्णविराम" म्हणायचे, पण ते नंतर सुटलं. गावभर मगदुमाचं नाव झालं. तालुक्याच्या पेपरात "दूध संघाचा अभिनव उपक्रम" असा मथळा आला, खाली फोटो: मगदूम, तुळस आणि शालन. तुळशीच्या मागे माझं अर्धं कोपर आलं होतं.

"मगदुमांनी माझ्यासाठी अक्षर मोठं केलंय," शालन एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली.

"अक्षर मोठं करायला काय लागतं? एक कळ दाबायची."

"तुम्ही कधी केलंत?"

"मी तोंडानं सांगायचो. तोंडाला कळ नसते."

"असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी डाफरायचा तुम्ही."

"डाफरत नव्हतो. तो प्रसंगातला भाव होता."

"असेल." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. मला ते पान अगदी माझ्या वयाचं वाटलं.

थोड्या वेळानं मी विचारलं, "बरा वाटतो का तुला तो?"

"कोण?"

"मगदूम."

"तुळशीतला की विंगेतला?"

मी पेपर उघडला. त्यातही तेच तिघं होते.

मग मी तालमींना जायचं थांबवलं, आणि थांबवल्याचं कुणाच्या लक्षात येतंय का, हे बघायला रोज जायला लागलो. कॅन्टीनच्या दारात उभा राहून चहा प्यायचो. शालन तुळशीपुढे बसून म्हणायची, "या घराच्या उंबऱ्यानं मला तुमच्याहून जास्त ओळखलंय हो," आणि समोरच्या हिरव्या उजेडात तिचा चेहरा असा काही दिसायचा, की मला त्या तुळशीला लाथ घालावीशी वाटायची. धार्मिक भावना आड आल्या.

माणसाचा मत्सर करणं सोपं असतं. त्याचे दात पुढे असतात, त्याचा भाऊ दारू पितो, काहीतरी सापडतं. टर्मिनलचं काय करायचं? एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सामानाच्या खोलीत गेलो. म्हटलं, एकदा समोरासमोर बघून घेऊ. तुळशीवृंदावनाच्या मागच्या बाजूला उकिडवा बसलो. ते बंद होतं. मी बॅटरी मारली. आणि काचेवर अक्षरं दिसली.

वीज नाही, वायर नाही, तरी अक्षरं. पुसट, तपकिरी, सायीवर बोट फिरवल्यासारखी. "सकाळ संकलन. एकूण लिटर. सरासरी फॅट."

"जळलेली आहेत ती, आण्णा," मागून हळू आवाज आला. मी पुढे वाकलो नाही, कारण आधीच वाकलेला होतो. मगदूम कुलूप लावायला आला होता. "वर्षानुवर्षं एकच मजकूर दाखवला, की तो काचेच्या आतल्या थरात उतरतो. मग बंद केलं तरी जात नाही."

"मग नाटकात दिसणार की!"

"वर दुसरी अक्षरं चालू असली की लक्षात येत नाही. काच कोरी असेल आणि समोरून झगझगीत दिवा पडला, तरच. कॅन्टीनच्या बल्बात कुणाला दिसलंय?" मग त्यानं कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. "काही शोधत होता का?"

"छे. तुळशीला नमस्कार करायला आलो होतो."

"मागच्या बाजूनं?"

मी उठलो. गुडघा वाजला. त्यानं मला हात दिला आणि मी तो घेतला नाही. मगदुमाचे दात सरळ होते. भाऊही वकील होता.

आम्हाला सांगलीला दुपारचा प्रयोग मिळाला. दुपारचा प्रयोग म्हणजे प्रेक्षक जेवून आलेले आणि परीक्षक जेवणाच्या आशेवर. साळोख्यांनी दोन ट्रक भरून डिस्पॅचची पोरं टाळ्यांना आणली होती. मी तिसऱ्या रांगेत निंबाळकरसाहेबांच्या शेजारी, कोट घालून. कोट साहेबांच्या आग्रहाचा. लग्नानंतर तो प्रथमच बाहेर आला होता आणि त्यालाही अवघडल्यासारखं झालं होतं.

आपल्या बायकोचं काम समोरून बघायची माझी ती पहिलीच वेळ. दुसऱ्या विंगेतून मला तिची अर्धी बाजूच दिसायची. उरलेली अर्धी प्रेक्षकांची. पडदा वर गेला. तुळशीपुढे शालन. पदर सावरून उठली, आणि मी बघत राहिलो की आता ती तुळशीत बघेल. आता बघेल.

ती तुळशीत बघेना.

पहिला अंक सरत आला, तरी तिनं तुळशीकडे नजर टाकली नाही. वाक्यं बिनचूक येत होती, पण कोरडी, प्रयोगशाळेतल्या अहवालासारखी. दर वाक्याआधी मान मात्र तशीच किंचित वळायची. दुसऱ्या विंगेकडे. तिथे कुणी नव्हतं. पहिल्या विंगेत मगदूम, संगणकावर मान घालून, आणि दुसरी विंग रिकामी.

"आज वहिनींचं काम जरा पडलेलं वाटतंय, नाही?" साहेब कुजबुजले.

"हं," मी म्हणालो. ती दुःखाची गोष्ट होती, पण सगळी दुःखाची नव्हती.

दुसऱ्या अंकात नवरा परत येतो. तालमीत साळोखे प्रवेश करायचे, बोचकं खाली ठेवायचे, दारातल्या घंगाळातलं पाणी घेऊन सावकाश पाय धुवायचे. त्या पाय धुण्यात मगदूम पुढच्या प्रवेशाची वाक्यं संगणकात चढवायचा. तेवढा वेळ सगळ्या काचा कोऱ्या असायच्या. हे पक्कं ठरलेलं होतं.

पण साळोखे आले तेव्हा डिस्पॅचच्या पोरांनी शिट्ट्यांनी छत उचललं. साळोख्यांना चेव आला. पाय धुवायचं विसरले. बोचकं टाकलं, दोन ढांगांत तुळशीपुढे आले, वरून झगझगीत दिवा सोडलेलाच होता, आणि त्यांनी कंठ दाटून आणून समोर जे दिसलं ते वाचलं.

"वत्सला..." नायिकेचं नाव तेवढं त्यांना येत होतं. मग त्यांनी आवंढा गिळला. "वत्सला... सकाळ संकलन."

डिस्पॅचच्या पोरांच्या शिट्ट्या अर्ध्यात राहिल्या.

"एकूण लिटर," साळोखे म्हणाले. डोळ्यांत पाणी. आवाज कापत होता. माणूस वाचतोय याची शंका यायला जागा नव्हती. "सरासरी... सरासरी फॅट!"

शेवटच्या शब्दाला त्यांनी गुडघे टेकले.

मी खुर्चीचा हात धरला. हे बघायलाच मी गेला महिनाभर मनातल्या मनात देवाला तेल घालत होतो, हे कबूल केलं तरी हरकत नाही. पण समोर शालन उभी होती. साळोख्यांचं हसं झालं असतं, मगदुमाचंही झालं असतं. पण नाटक तिचं होतं, आणि तिला वाक्य द्यायला तिथे कुणी नव्हतं.

तिनं रिकाम्या विंगेकडे बघितलं. मग साळोख्यांकडे.

"बारा वर्षांनी घरी आलात," ती संथपणे म्हणाली, "आणि अजून तोंडात डेअरीच? लिटर, फॅट. घरात एक बाई आहे, तिच्याशी बोलायचं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का हो? मी आपली वाट बघते. आज बोलतील, उद्या बोलतील. सिलेंडर संपला म्हटलं तर 'हं'. या 'हं'वर मी आयुष्य काढलं!"

टाळ्या पडल्या. डिस्पॅचच्या पोरांच्या नव्हे. मागच्या रांगांतून, बायकांच्या.

निंबाळकरसाहेब माझ्याकडे झुकले. "हे मूळ नाटकात आहे?"

"आहे," मी म्हणालो.

"लेखक डेअरीतला दिसतोय."

मी उठलो. साहेबांच्या पायावर पाय देऊन, बाजूच्या दारानं, रंगाच्या आणि सरसाच्या वासातून मागे गेलो. कोट काढून कुणाच्या तरी अंगावर फेकला. मी विंगेत पोचलो तोवर अक्षरं परत आलेली होती. टर्मिनलं व्यवस्थित चालली होती, साळोखे घमेल्याकडे बघून घडाघडा वाचत होते, मगदूम कपाळाचा घाम पुसून पानं सरकवत होता. माझी गरज दुसऱ्यांदा संपली होती. तरी मी दुसऱ्या विंगेत जाऊन उभा राहिलो. हातात वही नव्हती. हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून कमरेवर ठेवले.

शालननं मान वळवली आणि मी तिला दिसलो.

सवयीनं माझे ओठ हलायला लागले. "या घराच्या उंबऱ्यानं..." आणि माझ्या लक्षात आलं, की ती माझ्या पुढे आहे. मी शब्दापाशी पोचायच्या आत तो तिचा म्हणून झालेला. तुळशीत पान सरकायच्या आत तिचं पुढचं वाक्य सुरू झालेलं. कुणाचंच ती घेत नव्हती. आणि तरी बघत माझ्याकडेच होती. ओठ आपले आपण हलत राहिले, नाक वाहायला लागलं. आणि तिकडे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि नाट्यगृहात खोकलेलं माणूस लाजलं.

परतीला संघाची जीप होती. उन्हं कलली होती. पुढे ड्रायव्हर आणि साळोखे. साळोखे त्याला सांगत होते की मुद्दामच तसं केलं, नव्या पद्धतीचं नाटक असतं ते. मागे आम्ही दोघं आणि पाळणा. शालनचा अर्धा मेकअप उतरलेला, अर्धा तसाच.

"तुला पाठ होतं," मी म्हणालो.

"हं."

"सगळं?"

"साळोख्यांचंसुद्धा."

"यंदाच?"

"दर वर्षी असतं. वाचलं की राहतं माझ्या डोक्यात. तालमीच्या पहिल्या आठवड्यातच होतं."

जीप एका खड्ड्यातून गेली. मी पाळणा धरला. "मग इतकी वर्षं विंगेत काय बघत होतीस?"

"तुम्हाला."

"वाक्य नको होतं, तर मला कशाला?"

ती माझ्याकडे वळली. "साळोख्यांकडे बघून रडू येईल का कुणाला? दाढेखाली तंबाखू धरून 'प्राणप्रिये' म्हणतात. तुम्ही तिकडे माझं वाक्य सांगताना रडायचा. ओठ थरथरायचे, बनियनच्या टोकानं डोळे पुसायचा. ते बघितलं की मला भरून यायचं. माझे आप्पा गेले तेव्हा तुम्ही दारातून आत आलात आणि विचारलंत, 'आटपलं का सगळं?' तो चेहरा मला घरी कधी बघायलाच मिळाला नाही. विंगेत मिळायचा. म्हणून नाटकात काम करायची मी."

मी पाळण्याची दांडी उगाच पुसली. मग म्हणालो, "सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही नीट अभिनय करायला लागला असता."

पुढे साळोखे म्हणत होते, "काळाच्या पुढचं काम होतं ते."

"आज पहिल्या अंकात कुणी नव्हतं," शालन म्हणाली. "सवयीनं बघायची, तर विंग रिकामी. शेजारी मगदूम, पण त्यांनी एकदा मान वर केली नाही."

"म्हणजे मगदुमाकडेही बघितलंस?"

"कुणीतरी लागतं हो."

त्या 'कुणीतरी'चा मी पुढे जयसिंगपूरपर्यंत हिशेब मांडत बसलो. ती खिडकीबाहेर बघत हसत होती. मला काचेत दिसत होतं.

अभिनयाचं पहिलं पारितोषिक तिला मिळालं. परीक्षकांनी साळोख्यांचा 'आशयगर्भ संवाद' म्हणून खास उल्लेख केला, आणि तेव्हापासून साळोख्यांशी बोलणं अवघड झालं. मगदुमाला कल्पकतेचं प्रशस्तिपत्रक. निंबाळकरसाहेबांनी टर्मिनलांना कायमचं नाटकमंडळात वर्ग केलं आणि गोदामात पनीर आलं.

पुढच्या वर्षी साहेबांनी मला पुन्हा शेजारची खुर्ची देऊ केली. मी नको म्हणालो.

"अहो, पण विंगेत तुम्हाला काम काय? वाक्यं तर मशीन दाखवतं."

"काही नाही. नुसता उभा राहीन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ताकाकडे, आणि म्हणाले, "राहा."

मी बनियनवर दुसऱ्या विंगेत उभा राहिलो. या खेपेला नाटक जास्तच दुःखाचं होतं. तिसऱ्या अंकात नायिकेचा बाप जातो. मी महिनाभर आरशासमोर तयारी केली होती. शालननं मान वळवली. मी ओठ थरथरवले. भुवया चढवल्या. बनियनचं टोक डोळ्यांपर्यंत नेलं, थोडं लवकर नेलं, म्हणून खाली सोडलं आणि पुन्हा नेलं.

समोर बापाचं प्रेत, भोवती रडणारी मंडळी, आणि माझी बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. खांदे गदागदा हलत होते. साळोखे ट्रंकेकडे बघून तिचं सांत्वन वाचत होते आणि ती आवरायचा प्रयत्न करून पुन्हा माझ्याकडे बघत होती, आणि पुन्हा फुटत होती.

पारितोषिक गेलं. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, "शोकप्रसंगी नायिकेचे हसू अनाकलनीय." भरल्या नाट्यगृहात ते एकट्या मला कळलं होतं. मगदुमालाही नाही. मी विचारून खात्री करून घेतली.